पुस्तक आणि मैदान : प्रा. दि. ब. देवधर यांच्या निमित्ताने



आपल्या संस्थेच्या गुणगौरव समारंभात दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांची नावे पुकारली जातात, टक्केवारी वाचली जाते, टाळ्या होतात. गेल्या वर्षी हा कार्यक्रम आटोपून आम्ही सभागृहाच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या वाडीतील एका गृहस्थांनी आम्हांस थांबवले. बरोबर त्यांचा मुलगा. मुलगा नववीत. कबड्डीत कोपऱ्यावर खेळतो आणि पकडीसाठी तालुक्यात त्याचे नाव आहे. वडील म्हणाले, "दादा, तुम्ही बँकेत आहात, चार पुस्तकं वाचलेली आहेत. याला जरा समजवा. दहावी डोक्यावर आली नि हा अजून ढोपरं फोडून घेतोय." मुलगा मान खाली घालून उभा होता. ढोपरावर खरोखरच ताजी खपली होती.

आम्ही त्या वेळी सगळेच देतात ते उत्तर दिले. आधी अभ्यास, मग खेळ, नोकरी लागली की आयुष्यभर खेळायचेच आहे, वगैरे. वडिलांचे समाधान झाले. मुलाचे झाले नाही, आणि घरी आल्यावर आमचेही झाले नाही. कारण हेच उत्तर आम्हांस बारावीच्या वर्षी मिळाले होते. भात कापून झाले की मळ्यात आम्ही क्रिकेट खेळत असू. माडाच्या झावळीचा बुडखा तासून केलेली आमची बॅट होती, ती थोरल्या भावाने एके संध्याकाळी चुलीत घातली. भावाचा हेतू वाईट नव्हता. पण खरे सांगायचे तर क्रिकेट सुटल्याने आमचे गुण काही वाढले नाहीत. मोकळा झालेला वेळ आम्ही पुस्तक उघडे ठेवून खिडकीतून मळ्याकडे बघण्यात घालवला.

म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्ही ठरवले. अभ्यास आणि खेळ या दोन्हींत नाव काढलेला माणूस आपल्या महाराष्ट्रात कोण होऊन गेला? पहिले नाव येते ते प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. ही तारीख विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. वर्गात संस्कृत आणि मैदानावर बॅट, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. १९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानात आला. त्या संघाविरुद्ध मुंबईत देवधरांनी १४८ धावा काढल्या. आपल्याला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता. तो पुढे आला आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, पण तोपर्यंत देवधर चाळिशीला पोचले होते. त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही.

एखादा माणूस इथे थांबला असता. देवधरांचे मोठे पर्व मात्र चाळिशीनंतर सुरू झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० साली रणजी करंडक जिंकला. अंतिम सामना पुण्यात संयुक्त प्रांताविरुद्ध होता. पुढच्याच वर्षी मद्रासला जाऊन मद्रास संघाला हरवले आणि करंडक राखला. विजय हजारे त्यांच्याच हाताखाली खेळत होते आणि त्याच काळात हजाऱ्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. १९४०-४१ च्या हंगामात मुंबईविरुद्ध स्वतः देवधरांनी २४६ धावा केल्या, तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. १९४४-४५ साली नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत १०५ आणि १४१. तेव्हा वयाची बावन्न वर्षे उलटली होती. आमच्या शाखेत या वयाचे सहकारी जिना चढताना कठड्याला धरतात, आणि आम्हीही त्याच वाटेवर आहोत.

त्यांच्या ताराबाई, सुंदर व सुमन या मुलींनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव कमावले. ज्या काळात मुलीने रॅकेट हातात धरणे हाच चर्चेचा विषय होता त्या काळातली ही गोष्ट. १९६५ साली देवधरांना पद्मश्री मिळाली, १९९१ साली पद्मभूषण. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्या वयाचेही शतक पूर्ण होऊन वर गेले होते.

आता थोडा हिशेब, कारण बँकेतल्या माणसाला आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. देवधर १९११ पासून १९४८ पर्यंत प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले. या सदतीस हंगामांत त्यांचे सामने झाले ८१ आणि धावा ४५२२. म्हणजे वर्षाला सरासरी दोनच मोठे सामने. रणजी स्पर्धा तेव्हा बाद पद्धतीची होती. हरला की घरी. अगदी करंडक जिंकायचा तरी एका हंगामात मोजकेच सामने. खेळाचे पैसे मिळत नव्हते, तसा खेळ माणसाचे सगळे वर्षही मागत नव्हता. महाविद्यालयाच्या सुट्ट्या, घराजवळचे मैदान आणि पगाराची नोकरी एवढ्यावर हे जमू शकले. आज वरच्या पातळीवरचा खेळाडू वर्षातले कितीतरी महिने शिबिरात आणि प्रवासात असतो. तेव्हा "देवधरांना जमले, तुला का जमत नाही?" असे कोणी मुलाला सुनावले तर ते न्यायाचे होणार नाही. मुलाने घ्यायचे ते इतकेच, की वर्षातून दोनदा संधी येणार असतानाही हा माणूस सदतीस वर्षे स्वतःला तयार ठेवत होता. उरलेल्या दिवसांत प्रेक्षक नसतात, टाळ्या नसतात. अभ्यासाचेही तसेच असते.

आता ती तारीख. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. देवधर त्यांच्याहून बरोबर नऊ महिन्यांनी लहान. एकाच पिढीतली, एकाच इलाख्यात वाढलेली ही दोन मुले. दोघेही बुद्धिमान. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. ते शिकू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली आणि संस्कृत पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवले. त्याच वयाचा दुसरा मुलगा मोठा होऊन संस्कृतचा प्राध्यापक झाला. यात देवधरांचा दोष नाही. ज्या दाराने ते आत गेले ते त्यांच्यासाठी उघडेच होते, आणि आत जाऊन त्यांनी आळस केला नाही. पण 'अभ्यास आणि खेळ दोन्ही सांभाळा' असा उपदेश करताना दोन दारे कोणाला उघडी होती आणि कोणाला एकच, किंवा एकही नव्हते, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. ते न सांगता देवधरांचे चरित्र सांगणे आम्हांस अर्धवट वाटते.

ज्यांना मैदानाचे दार कसेबसे उघडले आणि वर्गाचे नीट उघडलेच नाही, अशांचे उदाहरण आपल्या कोकणातलेच आहे. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. या चर्मकार कुटुंबातील बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे भाऊ मोठे क्रिकेटपटू झाले. थोरले बाळू यांचा जन्म १८७६ सालचा. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, जाळी लावणे अशी त्यांची कामे. सरावाला आलेल्या साहेबांना गोलंदाजी करता करता ते असे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले की हिंदू संघाला त्यांना घ्यावेच लागले. मैदानावर त्यांनी हातात घेतलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही.

१९२० साली काय झाले ते प्रत्येक विद्यार्थ्याने नीट वाचावे. चौरंगी स्पर्धेसाठी हिंदू संघ निवडला गेला आणि त्यातून बाळूंना वगळले गेले. कर्णधार एम. डी. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्याला येऊ शकत नव्हते. अनुभवाने आणि कामगिरीने कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे यायला हवे होते. ते देण्यात आले देवधरांकडे. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि आपल्याला जातीमुळे डावलले गेले हे वर्तमानपत्रांतून जाहीरपणे सांगितले. त्या काळी हे करणे सोपे नव्हते. खेळ हीच त्यांची ओळख होती आणि तीच त्यांनी पणाला लावली. बरीच चर्चा झाली, आणि अंतिम सामन्याला पै परतले तेव्हा बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले. पैंनी सामन्यात काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बाळूंच्या हाती संघाची सूत्रे राहतील असे केले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

हे ज्या १९२० सालात घडले त्याच सालच्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. पाक्षिक, परिषद आणि क्रिकेटची खेळपट्टी या तीन ठिकाणी एकाच वर्षात एकच प्रश्न उभा राहिला, ही गोष्ट आमच्या तरी वाचनात फार उशिरा आली. कारणही उघड आहे. बाळू पालवणकर पुढे राजकारणात वेगळ्या बाजूला गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे आणि १९३७ च्या निवडणुकीत तर मुंबईत ते काँग्रेसच्या तिकिटावर खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व हरले. त्यामुळे आपल्या स्मरणिकांतून त्यांचे नाव सहसा येत नाही. मतभेद होते ते होते, ते लपवू नयेत. पण पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यातून चहा प्यालेल्या माणसाचे बळी मोजायला आपण कचरू नये, असे आमचे मत आहे. एखाद्या सभासदास ते पटणार नाही, त्यांनी जरूर कळवावे.

आता प्रश्न असा, की ज्याला कोणतेच दार उघडे नव्हते अशा घरातला मुलगा दोन्हींकडे पहिला आला, असे कुठे घडले का? घडले, पण ते अमेरिकेत. पॉल रोबसन यांचे वडील लहानपणी गुलाम होते. गुलामीतून पळून जाऊन ते शिकले आणि धर्मोपदेशक झाले. पॉल यांचा जन्म १८९८ चा, म्हणजे देवधरांहून सहा वर्षांनी लहान. राज्यभरच्या स्पर्धा परीक्षेत शिष्यवृत्ती मिळवून १९१५ साली ते न्यू जर्सीतील रटगर्स कॉलेजात गेले. त्या कॉलेजच्या इतिहासातले ते अवघे तिसरे कृष्णवर्णीय विद्यार्थी.

तिथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळतात, आणि दोन्ही संघांची माणसे समोरासमोर रांग करून एकमेकांवर आदळतात. या रांगेत खेळणाऱ्यास लाइनमन म्हणतात. बहुतेक लाइनमनच्या हाती चेंडू येतच नाही. समोरच्याला अडवायचे आणि आपल्या माणसाला वाट करून द्यायची. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला शिट्ट्या मिळतात आणि कोपऱ्यावर घोटा धरून ठेवणाऱ्याकडे कोणाचे लक्ष नसते, तसेच हे. रोबसन या रांगेत, बहुधा तिच्या टोकाला खेळत. पहिल्या सरावातच स्वतःच्या संघातल्या गोऱ्या मुलांनी त्यांचे नाक फोडले आणि खांदा निखळवला. बरे होऊन ते परत गेले, तर एकाने खिळ्यांच्या बुटाने त्यांचा हात चिरडला. तरीही ते मागे हटले नाहीत आणि संघात आले. १९१६ साली दक्षिणेकडील एका विद्यापीठाच्या संघाने काळ्या खेळाडूविरुद्ध खेळण्यास नकार दिला, तेव्हा त्यांच्या कॉलेजने पाहुण्यांना परत पाठवण्याऐवजी रोबसन यांनाच बाहेर बसवले. आम्हांस या ठिकाणी १९२० ची आठवण होते.

खेळात ते संपूर्ण अमेरिकेच्या निवडक संघात गणले गेले. फुटबॉलखेरीज आणखी तीन खेळांत ते कॉलेजकडून खेळत. अभ्यासात त्यांची फाय बीटा कप्पा या गुणवंतांच्या मंडळावर निवड झाली आणि १९१९ साली वर्गाच्या वतीने निरोपाचे भाषण करण्याचा मान त्यांनाच मिळाला. नंतर कायद्याच्या पदवीसाठी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. हो, तेच कोलंबिया, जिथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. रोबसन यांनी १९२३ साली पदवी घेतली. मधल्या काळात खर्चासाठी ते पैसे घेऊन फुटबॉलही खेळत. वकिलीच्या कार्यालयात मात्र एका गोऱ्या लघुलेखिकेने त्यांचा मजकूर उतरवून घेण्यास नकार दिला आणि त्यांनी ती वकिली सोडली. पुढे गायक आणि नट म्हणून ते जगप्रसिद्ध झाले. आपली मते उघड बोलल्याबद्दल १९५० साली सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ मध्ये परत मिळाला. कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या दालनात त्यांचे नाव लागायला १९९५ साल उजाडले, आणि ते वारले होते १९७६ मध्ये.

या तिघांना एका तराजूत घालण्याचा आमचा विचार नाही. देवधरांना दोन्ही मिळाले, पालवणकरांना एक आणि तेही अर्धे. रोबसन यांनी दोन्ही हिसकावून घेतले, पण त्याची किंमत नाकाडोळ्यांनी मोजली.

आजच्या मुलाला निदान दोन्ही दारे कायद्याने उघडी आहेत. आमच्या बँकिंग क्षेत्रातीलच उदाहरण द्यायचे तर अजित वाडेकर. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले विज्ञानाचे विद्यार्थी, स्टेट बँकेचे कर्मचारी, आणि १९७१ साली वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोघांनाही त्यांच्याच भूमीवर हरवणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार. खेळाने त्यांना नोकरी दिली हे खरे, पण नोकरीत ते नुसते हजेरीपटावरचे खेळाडू राहिले नाहीत, वरच्या पदापर्यंत पोचले. कबड्डीवरही नोकऱ्या मिळतात. मात्र अनेकदा अर्जासोबत पदवी मागतात, हे आमच्या कबड्डीपटूंना कोणी सांगत नाही. आणि पदवी घेऊन आलेल्याला चार पायऱ्या चढताच धाप लागते, हे आमच्या गुणवंतांना कोणी सांगत नाही.

तो नववीचा मुलगा पुढे आमच्याकडे येऊ लागला. आम्ही त्याला एकच करायला सांगितले : आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत काय केले ते वहीत लिही, खोटे लिहू नको. वही आली. सरावाला रोज दीड तास जात होता. मोबाइलला आणि नाक्यावर उभे राहण्याला मिळून तीन तासांच्या वर. वडिलांना आम्ही वही दाखवली. ते बराच वेळ पाने उलटत होते, मग म्हणाले, "म्हणजे कबड्डी नाही हो याला नडत." दुसऱ्या सत्रात त्याला गणितात शंभरपैकी एकसष्ट पडले, पहिल्या सत्रात त्रेचाळीस होते. फार नाहीत. जिल्हा संघाच्या निवडीत तो राखीव राहिला, तेही फार नाही. यंदा तो दहावीला आहे आणि सराव चालू आहे.

आता संस्थेकडे एक मागणी. गुणगौरवाच्या यादीत टक्केवारीबरोबरच तालुका, जिल्हा किंवा त्यावरच्या पातळीवर खेळलेल्या आणि त्याच वर्षी सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्या मुला-मुलींचाही समावेश व्हावा. खजिनदारसाहेबांनी निधीची अडचण सांगितली आहे आणि ती खरी आहे. पण सुरुवातीला दोनच बक्षिसे ठेवली, एक मुलाला आणि एक मुलीला, तर ती झेपतील असा आमचा हिशेब आहे, आणि पहिल्या वर्षीच्या एका बक्षिसाची रक्कम आम्ही स्वतः देऊ. कार्यकारिणीच्या पुढील सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्यांच्या घरी अशी मुले असतील त्यांनी प्रमाणपत्राची आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स आमच्याकडे पोचवावी. बँकेत आणून दिली तरी चालेल, फक्त जेवणाच्या सुट्टीत यावे.